स्थिर आकार हवा, पण बिनशर्त नको

कोल्हापुरात लाईट बिलावरून वाद घालायला कुणाला आमंत्रण लागत नाही. ज्या शहराने टोल रस्त्यावर उतरून उलथवला आणि ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील ज्या शहरात मोर्चाच्या पुढे चालले, तिथे बिलातल्या एका ओळीवर माणसं चिडली तर नवल नाही. ती ओळ म्हणजे ‘स्थिर आकार’. महिन्याचं युनिट शून्य असलं तरी ती छापून येते. २०१२ साली सिंगल फेज घरगुती जोडणीला हा आकार महिना ४० रुपये होता. वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२३ च्या आदेशाने तो ११६ वर गेला आणि त्याच आदेशात पुढच्या आर्थिक वर्षासाठी १२८ ठरला. त्यावर १६ टक्के वीज शुल्क सरकारचं.

यावर गल्लीतला सवाल सरळ आहे: वापरलंच नाही तर द्यायचं कशाला? महावितरण कंपनीचं उत्तरही तितकंच सरळ आहे: खांब, तारा, डीपी, वायरमन हे सगळं तुमच्यासाठी उभं असतं, त्याचे पैसे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा आकार रद्द करा ही मागणी मला मान्य नाही, आणि कंपनीचं उत्तर तर त्याहून पटत नाही.

आधी रद्द करा म्हणणाऱ्यांकडे वळू. चंदगड, आजरा, भुदरगडच्या कित्येक वाड्यांवर कुलूपबंद घरं आहेत. घरची माणसं मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात दार उघडायचं. वर्षातले दहा महिने मीटर हलत नाही, तरी बिल येतं, आणि ते बघून माणूस वैतागतो. पण तोच माणूस गणपतीच्या आदल्या रात्री एसटीतून उतरून बटण दाबतो तेव्हा दिवा लागलाच पाहिजे अशी त्याची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. दिवा लागतो कारण वर्षभर ती लाईन कुणीतरी जिवंत ठेवलेली असते. ज्याला ही सोय नकोच आहे त्याला मीटर पीडी, म्हणजे जोडणी कायमची बंद, करून घेण्याचा मार्ग मोकळा आहे. तसं फारसं कुणी करत नाही, कारण सोय हवी असते.

कायद्यातही हा आकार चोरदरवाजाने आलेला नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ४५ मध्ये प्रत्यक्ष विजेच्या दराशिवाय स्थिर आकार लावण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. महावितरण स्वतः ज्या वीजकेंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार करते, त्यांनाही तिला असाच स्थिर आकार मोजावा लागतो. केंद्र सज्ज असेल तर वीज उचलली नाही तरी पैसे द्यायचे. हा खर्च बिलातल्या एका ओळीवर काट मारल्याने नाहीसा होत नाही. तो युनिटच्या दरात जाऊन बसतो.

आणि मग तो कुणाच्या गळ्यात पडतो, हे रद्दवाल्यांनी नीट पाहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या छतावरच्या सोलरला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ज्याचं स्वतःचं छत आहे आणि उरलेली रक्कम घालायची ऐपत आहे, त्याने पॅनेल बसवावेत, चांगलीच गोष्ट आहे. नेट मीटरिंगमध्ये त्याचं युनिट शून्यावर येतं. पण सूर्य मावळल्यावर त्याचा फ्रीज आणि पंखा महावितरणच्याच तारेवर चालतो. सगळा खर्च युनिटवर टाकला तर ताराबाई पार्कातल्या बंगल्याचा तारेचा वाटा शून्य होईल, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार करणारा, ज्याच्या डोक्यावरचं छतसुद्धा मालकाचं आहे, तो बंगल्याच्याही वाट्याचे पैसे भरेल. ‘गरिबांसाठी रद्द करा’ या घोषणेचा लाभ शेवटी कुणाला होतो, ते यात आलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. अगदी कमी वीज वापरणाऱ्याला आजचा आकार खरंच जाचतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो महिना शंभर रुपये धरा. ३० युनिट वापरणाऱ्या विधवा म्हातारीला प्रत्येक युनिटमागे सव्वातीन रुपयांहून जास्त पडतात. ३०० युनिट वापरणाऱ्याला तेहतीस पैसे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा आकार वेगळा आणि कमी आहे हे खरं, पण त्या यादीत नसलेले गरीब या जिल्ह्यात कमी नाहीत.

आता कंपनीचं उत्तर. ‘हे तारांचे पैसे आहेत’ असं म्हणणाऱ्याने स्वतःच छापलेलं बिल उलटून पाहावं. त्यात ‘वहन आकार’ अशी वेगळी ओळ आहे. वहन म्हणजे तारांवरून वीज वाहून आणणं, आणि त्याचा दर युनिटमागे आहे. तारांचे पैसे तिथे घेतलेत, तर स्थिर आकारात नेमकं काय घेतलंत? वीजकेंद्रांना द्यायचे करारातले पैसे, मीटर वाचन, कर्मचाऱ्यांचा पगार, की वहन आकारात न मावलेला तारांचाच उरलेला भाग? याची फोड दरनिश्चितीच्या शेकडो पानी याचिकेत शोधली तर सापडेल. पण ग्राहकाच्या हातात बिल येतं, याचिका येत नाही. खिडकीवर विचारावं तर ‘आयोगाने ठरवलंय’ हे एकच वाक्य ऐकायला मिळतं.

दुसरं म्हणजे, तयारीचेच पैसे असतील तर ते तयारीच्या मापाने घ्यावेत. एका बल्ब-पंख्याच्या खोलीसाठी लागणारी तयारी आणि गिझर, एसी, मायक्रोवेव्हच्या फ्लॅटसाठी लागणारी तयारी एक नव्हे. तरी दोघेही सिंगल फेजवर असतील तर आकार एकच. थ्री फेजला तो जास्त आहे, दहा किलोवॉटच्या वर आणखी भर पडते. म्हणजे भारानुसार आकार घेण्याचं तत्त्व कंपनीला ठाऊक आहे, फक्त जिथे बहुसंख्य घरं आहेत तिथेच ते लावलेलं नाही. दिल्लीत हा आकार मंजूर भारावर, किलोवॉटमागे घेतात. तिथल्या आयोगाने २०१८ मध्ये दोन किलोवॉटपर्यंतच्या घरांना तो किलोवॉटमागे १२५ रुपये केला, ओरड झाली, आणि २०१९ मध्ये २० रुपयांवर आणला. दिल्लीचं सगळंच उचलावं असं नाही, पण भारावर आकार घेता येतो एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

आता माझी मुख्य तक्रार. ती पुरात बुडालेली आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या सखल भागापासून प्रयाग चिखली, आंबेवाडीपर्यंत आणि तिकडे शिरोळ तालुक्यात घरं पाण्यात होती. उपकेंद्रांत पाणी शिरलं, डीपी बुडाल्या, जीव वाचवण्यासाठी वीज बंद करावी लागली. यात कंपनीचा दोष नाही. उलट पाणी उतरायच्या आत होडीतून, चिखलातून जाऊन लाईन उभी करणारे वायरमन पाहिले की त्यांच्या पगारासाठी चार पैसे द्यायला कुणाचा हात आखडेल?

पण नियमांची गंमत पाहा. वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आयोगाने सेवेची मानकं ठरवली आहेत. ठरल्या वेळेत पुरवठा पूर्ववत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई. पूर, वादळ अशा आपत्तीत मात्र कंपनीला त्यातून सूट. योग्यच आहे. मग त्याच पुरात ग्राहकाच्या बंधनाला सूट का नाही? घरगुती स्थिर आकार महिन्याच्या हिशेबाने लागतो. त्या महिन्यात वीज किती तास होती हे त्यात मोजलंच जात नाही. आपत्ती एकाच बाजूला माफ करायची, हा कुठला करार? लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, आयोगाने उद्योग आणि व्यावसायिक ग्राहकांना स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलून दिला होता. माफी नव्हती, मुदत होती. घरगुती ग्राहकाच्या वाट्याला तेवढीही आली नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. स्थिर आकार हे तयारीचं मोल असेल तर ते महिन्यावर न लावता दिवसावर लावा, आणि ज्या दिवशी ठरावीक तासांपेक्षा जास्त वीज नव्हती तो दिवस बिलातून आपोआप वगळा. अर्ज नको, खेटे नकोत. ब्रिटनमध्ये हा आकार दिवसावरच आकारतात, २०२४ मध्ये तो विजेसाठी रोज साधारण ६० पेन्स होता. तिथेही लोक त्यावर नाराज आहेत, कारण बुडालेल्या वीजविक्रेत्या कंपन्यांचा भार तिथल्या नियामकाने त्याच ओळीत टाकला. तो धडाही घ्यावा: या ओळीत दुसऱ्याचं ओझं भरू नये. आपल्याकडे सरकारचं १६ टक्के शुल्क नेमकं तसं ओझं आहे. वीजवापरावरचं शुल्क न वापरलेल्या महिन्यावर कशासाठी?

कंपनी म्हणेल, दिवसाला चार रुपये, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ग्राहकासाठी चार रुपये खरेच किरकोळ आहेत. पण १२८ रुपयांच्या हिशेबाने दहा हजार जोडण्यांच्या भागात एक दिवस वीज नसली तर कंपनीच्या हिशेबात बेचाळीस हजारांच्या वर तूट दिसेल. वारंवार बंद पडणाऱ्या फीडरकडे अधिकाऱ्याचं लक्ष जायला अशी तूट उपयोगी पडते, तक्रारवहीतली नोंद नाही. मोजणं कठीण आहे हीही सबब आता चालणार नाही. जे स्मार्ट मीटर, आताच्या नावाने टीओडी मीटर, घरोघरी बसवायची घाई चालली आहे, ते दिवसाच्या कुठल्या प्रहरात किती वीज वापरली हे सांगतात. मग वीज कधी गेली हेही सांगू शकतात. ग्राहकाकडून घ्यायचं मोजणाऱ्या मीटरने त्याला परत द्यायचंही मोजावं.

मंजूर भारावर आकार, कमी भाराला अगदी नाममात्र, आणि वीज नसलेला दिवस वजा. एवढं झालं तर चंदगडच्या कुलूपबंद घराच्या मालकाला मी स्वतः सांगेन की बाबा, हे पैसे भर.

पुढची दरवाढ याचिका येईल तेव्हा कलम ६४ प्रमाणे तिच्यावर लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करूनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. हरकत मराठीत लिहिता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. मोर्चाला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या मुदतीत एक कागद जरूर पाठवावा, आणि त्यावर ‘रद्द करा’ऐवजी ‘वीज नसलेला दिवस वजा करा’ असं लिहावं.