मुदतीआधी मोडलेल्या ठेवी

बँकेत पस्तीस वर्षे काढली की माणूस चेहऱ्याआधी पासबुक वाचायला शिकतो. तरीही एक पासबुक मला वाचता आले नाही.

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या शाखेत एक तरुण शिक्षक दर दोन-तीन महिन्यांनी येई आणि एकेक मुदत ठेव मुदतीआधीच मोडून नेई. व्याजाचे नुकसान मी समजावून सांगे. तो नुसती मान हलवी. मला वाटे, व्यसन असावे. निवृत्तीनंतर भेट झाली तेव्हा त्याने स्वतःच उलगडा केला. त्याचे एका मित्रावर प्रेम होते, हे दोघा गावगुंडांना कळले होते आणि गप्प बसण्याचा हप्ता ते वसूल करत होते.

"सर, पोलिसांत का नाही गेलात?" मी विचारले.

"साहेब, फिर्यादी म्हणून आत गेलो असतो आणि आरोपी होऊन बसलो असतो!"

त्याची भीती अनाठायी नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते. विशेष म्हणजे त्याच संहितेच्या ३८८ आणि ३८९ या कलमांत, ३७७ च्या आरोपाची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यालाही जन्मठेपेची तरतूद होती. म्हणजे आपण घडवलेले हत्यार कोणाच्या हाती जाणार, हे कायदा करणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते!

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मग खंडणीचा धंदा बसायला हवा होता. तो बसला नाही. आता मोबाइलवर ओळख होते, भेटीला बोलावणे येते आणि एकाच्या जागी चौघे उभे असतात. मारहाण, चित्रीकरण आणि मग पैशांची मागणी. पूर्वी धमकी असे, 'पोलिसांना सांगू.' आता असते, 'तुझ्या वडिलांना सांगू.' या गुंडाचे भांडवल म्हणजे आपल्या घरातला 'लोक काय म्हणतील' हा धाक. ते आपणच त्याला बिनव्याजी पुरवतो.

कायद्यातही उणिवा आहेत. केवळ समलिंगी आहे म्हणून कोणाला मारले, तर त्या द्वेषाला आपल्या दंडविधानात वेगळे नाव नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ३७७ समूळ गेले. त्याबरोबर प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला लागू पडणारे कलमही गेले.

पण हात अगदीच रिकामे नाहीत. खंडणीसाठी नव्या संहितेचे कलम ३०८ आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. बँकवाला म्हणून सांगतो, अशा रकमेचा माग राहतो. धमकीचे संदेश मात्र लाजेपोटी पुसू नयेत. कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि मन खचले असेल तर १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. मुंबईतली 'हमसफर ट्रस्ट' तर १९९४ पासून काम करते आहे. आमच्या तालुक्यात तेव्हा ते नाव पोचले नव्हते.

मात्र ठाण्याची पायरी चढण्याआधी घराचा उंबरठा ओलांडावा लागतो. मुलगा एकाएकी गप्प झाला, पैसे कुठे जातात ते सांगेनासा झाला, अंगावरच्या वळांना 'गाडीवरून पडलो' म्हणू लागला, तर उलटतपासणी घेऊ नका. 'काहीही असो, मी तुझ्याबरोबर ठाण्यात येतो,' एवढेच म्हणा. वडिलांनीच असे म्हटल्यावर 'वडिलांना सांगू' या धमकीला काय किंमत उरते?

त्या शिक्षकाने अकरा ठेवी मोडल्या. अकराही वेळा मी त्याला व्याजाचाच हिशेब सांगितला. "सर, कोणी त्रास देतंय का?" हे विचारायला मला एक मिनिट लागले असते.