गाभ्याला लागलेला बट्टा

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले आणि भारतातील विमानतळांवरही प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीने वीस नोंदींच्या यादीतून एकविसावी नोंद वाचण्याचा प्रयत्न केला, एवढाच काय तो प्रमाद. एरवी अशा चुकीने एखादा प्रोग्राम बंद पडला असता. येथे सबंध यंत्रच कोसळले, कारण चूक करणारा भाग संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, वावरत होता. ते संगणक विंडोजवर चालणारे होते. परंतु गाभ्यात कोणाला प्रवेश द्यावा आणि तेथे बिघाड झाल्यास त्याचा शोध कोणी घ्यावा, हा वाद लिनक्सच्या जगात दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि तेथे त्यावर काढलेला तोडगा अधिक विचारार्ह आहे.

हेलसिंकीतील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. वायफाय असो वा ग्राफिक्स कार्ड, प्रत्येक उपकरणासाठी लागणारा भाग त्यात हवा तेव्हा जोडता येतो व काढता येतो. त्यास मॉड्यूल म्हणतात. मात्र एकदा आत आलेल्या मॉड्यूलला गाभ्याचे सर्व अधिकार मिळतात. मध्ये भिंत नसते. एकाने दुसऱ्याच्या स्मृतीत ढवळाढवळ केली, तर यंत्र तासाभराने भलत्याच ठिकाणी अडखळते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तपास करणाऱ्याची गत होते.

तरीही तपास होतो, आणि बहुधा यशस्वी होतो. अडखळताना गाभा ‘ऊप्स’ नावाचा जबाब नोंदवतो: कोणत्या पत्त्यावर घोटाळा झाला, कोणी कोणाला बोलावले होते, आत कोणकोणती मॉड्यूले होती. त्यावरून मूळ संहितेतील नेमकी ओळ शोधता येते. नव्या आवृत्तीनंतर दोष उद्भवला असेल, तर दोन आवृत्त्यांमधील बदल निम्मे-निम्मे करीत तपासतात; दहा हजार बदलांतून दोषी बदल सुमारे चौदा चाचण्यांत सापडतो. पण याला एक अट आहे. संहिता डोळ्यांसमोर हवी. बंदिस्त मॉड्यूलच्या दारापाशी जबाबाचा माग पोहोचला की पुढे अंधार.

म्हणूनच २००१ च्या सुमारास गाभ्याने ‘टेंटेड’, म्हणजे बट्टा लागल्याची, नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. बंदिस्त मॉड्यूल आत आले की ‘पी’, मुख्य प्रकल्पाबाहेरचे आले की ‘ओ’, सक्तीने घुसवले की ‘एफ’, अशी अक्षरे जबाबात उमटतात. ही शिक्षा नव्हे. आत कोणाचे हात होते याची ती नोंद आहे. तशी नोंद असलेली तक्रार आली की जाणकार प्रथम म्हणतात, ते मॉड्यूल काढा आणि दोष पुन्हा दिसतो का ते पाहा. कंपनी गाभ्याकडे बोट दाखवते, गाभ्याचे रखवालदार कंपनीकडे. कचेऱ्यांच्या खिडक्यांवर हेलपाटे घातलेल्या माणसाला हा प्रकार अपरिचित नाही.

बट्टा किती झोंबतो हे २००४ साली दिसले. लिनक्संट या कंपनीच्या मोडेम-मॉड्यूलने परवान्याच्या जागी ‘जीपीएल’ लिहून पुढे एक शून्य-अक्षर घातले होते. सी भाषेत ते पूर्णविरामासारखे असते. गाभ्याने तेवढेच वाचून मॉड्यूल मुक्त मानले. पुढचा मजकूर मात्र सांगत होता की, हा परवाना काही फायलींपुरताच आहे. वारंवार उमटणाऱ्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात, असा खुलासा कंपनीने केला. ग्राहकाचा गोंधळ टाळण्यासाठी तपासनिसाची दिशाभूल करावी, हा न्याय अजबच!

दुसरी बाजू नाही असे नव्हे. दर नऊ-दहा आठवड्यांनी गाभ्याची नवी आवृत्ती निघते आणि गाभ्याच्या अंतर्गत जोडण्या तशाच राहतील असे वचन जाणूनबुजून दिले जात नाही. काल चालणारे बाहेरचे मॉड्यूल आज नाकारले जाते. छोट्या उत्पादकाला हा जाच वाटला तर त्यास दोष देता येत नाही. परंतु मुख्य प्रकल्पात आलेले मॉड्यूल त्या बदलांबरोबर इतरांकडूनही दुरुस्त होत राहते, हे तक्रार करणारे सहसा सांगत नाहीत. एनव्हिडियाला टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधील एका सभेत जाहीरपणे अर्वाच्य शब्द ऐकवले. २०२२ च्या मे महिन्यात त्या कंपनीने आपल्या गाभा-मॉड्यूलांची संहिता खुली केली. दरम्यान, बरेचसे काम कार्डावरील बंदिस्त फर्मवेअरमध्ये गेले होते, हेही नमूद केले पाहिजे. दार उघडले, कपाटाला कुलूप राहिले.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नाही. केरळातील शाळांमध्ये लिनक्सवर आधारित प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहे. सी-डॅकनेही ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. अशा सार्वजनिक संस्था यंत्रे घेतात तेव्हा निविदेत स्मृती किती आणि हमी किती वर्षांची, हे विचारले जाते. उपकरणाचे मॉड्यूल मुख्य गाभ्यात आहे की उत्पादकाच्या तिजोरीत, ही ओळ त्याच निविदेत घालता येण्यासारखी आहे. हमी संपल्यावर शाळेतला शिक्षक बिघाडाचा जबाब घेऊन कोणाकडे जाणार, हे त्या एका ओळीवर ठरते.