थंडीपेक्षा ओल अधिक घातक
परसातील बदकांच्या खुराड्याविषयी काही विचार

थंडीच्या भागात बदके पाळावयाची म्हटली की शेतकऱ्याचे लक्ष प्रथम भिंतींकडे जाते. चारी बाजू लिंपून घ्याव्यात, फटी चिंध्यांनी बुजवाव्यात, खिडकी ठेवूच नये आणि फारच गारठा पडला तर आत शेगडी ठेवावी, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज मायेपोटी निर्माण झालेला असला, तरी तो बदकांच्या जिवावर बेतणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बदकाचा खरा शत्रू थंडी नव्हे, ओल होय. खुराड्याची आखणी या एका गोष्टीवर आधारली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका कडाक्याच्या थंडीसाठी सर्वांना परिचित आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथील किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली गेलेले आहे. द्राक्षबागाईतदारांना तेव्हा बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. परंतु याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे, ज्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळालेला आहे. उत्तरेकडून येणारी तलवार बदके व थापट्या बदके आपला सारा हिवाळा तेथे उघड्यावरच काढतात. आपल्या परसातील गावठी, खाकी कॅम्पबेल वा इंडियन रनर ही बदकेदेखील मॅलार्ड या रानबदकाचीच वंशज आहेत. त्यांच्या अंगावर बाहेरून तेलकट पिसे व आत मऊ लव असा दुहेरी पोशाख असतो. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या 'चिल्लई कलां'त सरोवरांचे काठ गोठतात, तरीही तेथील काठावरची कुटुंबे बदके पाळतात. तेव्हा निफाडची थंडी प्रौढ बदकास सोसणार नाही, या भीतीस आधार नाही.

मग हिवाळ्यात बदके का आजारतात, अंडी का कमी होतात? दिवस लहान झाल्याने अंडी काहीशी घटतात, हे खरे. परंतु पुष्कळदा दोष खुराड्याचा असतो. बदकाच्या विष्ठेत सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यात श्वासाची वाफ मिसळते. खुराडा बंद असेल तर ही वाफ रात्री थंड पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते खाली बसलेल्या बदकांवरच ठिबकतात. बदक कोंबडीसारखे दांडीवर बसत नाही. ते जमिनीवर छाती टेकून झोपते. ओल्या, घाणीने माखलेल्या पिसांत हवा कोंडून राहत नाही आणि दुहेरी पोशाखाचा उपयोग संपतो. कुजणाऱ्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू डोळे व श्वासनलिका यांना इजा करतो. ओल्या पेंढ्यावर बुरशी चढते आणि तिच्यापासून फुप्फुसांचा रोग होतो. अंडी मळतात व बाजारात त्यांना भाव येत नाही. ज्या भिंती आपण बदकांच्या रक्षणासाठी लिंपल्या, त्याच ही सारी हानी घडवून आणतात.

कोंबड्यांचाच खुराडा बदकांना चालेल, असे आपल्यापैकी कित्येकजण गृहीत धरतात. तेही योग्य नाही. दहा बदकांसाठी पुढीलप्रमाणे आखणी करावी, असे मी सुचवितो. रात्रीच्या निवाऱ्यास प्रत्येक बदकामागे ३ चौरस फूट जागा पुरते. म्हणजे ६ फूट लांब व ५ फूट रुंद खुराडा पुरेसा होय. बाहेर जाळीचे आवार प्रत्येकी १० ते १५ चौरस फूट असावे. जागा उंचवट्याची निवडून जोते किमान १ फूट उंच करावे व त्यावर मुरूम चोपून घ्यावा. खुराड्याची पाठ उत्तरेस व तोंड दक्षिणेस ठेवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे ऊन थेट आतील गादीपर्यंत पोहोचते आणि उत्तरेचा वारा पाठीवर अडतो.

भिंतीचा खालचा २ फुटांचा भाग चारी बाजूंनी पक्का व निश्छिद्र असावा, कारण बदके जमिनीवर झोपतात व त्यांना लागणारा वारा जमिनीलगतच असतो. उत्तरेची भिंत वरपर्यंत न्यावी, परंतु वळचणीखाली ६ इंचांची पट्टी उघडी ठेवून तिला जाळी बसवावी. दक्षिणेकडे २ फुटांच्या वर जाळीच असावी. कडाक्याच्या रात्री तिच्यावर गोणपाटाचा पडदा सोडावा, मात्र वरचे ६ इंच तेव्हाही मोकळे राहिले पाहिजेत. ऊबदार दमट हवा वर चढते व तेथून निघून जाते. खाली बसलेल्या बदकांस वाऱ्याचा झोत लागत नाही. जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची घ्यावी, म्हणजे मुंगूस व घूस यांचा शिरकाव होणार नाही. दार २ फूट रुंद असावे, कारण बदके एकदम बाहेर पडतात व अरुंद दारात त्यांचे पाय दुखावतात.

जमिनीवर ४ ते ६ इंच जाडीची कोरडी गादी पसरावी. निफाडकडे गव्हाचे काड व उसाचे पाचट सहज मिळते; घोटी-इगतपुरी भागातील भाताचे तूसही चांगले. बुरशी लागलेले काड फुकट मिळाले तरी वापरू नये. रोज सकाळी गादी खालीवर करून ओला भाग काढून टाकावा व वर कोरडा थर घालावा. काढलेली गादी खताच्या खड्ड्यात टाकावी. पाण्याचे भांडे रात्री आत ठेवू नये. मात्र पाण्यावाचून बदकास खाद्य गिळता येत नाही, म्हणून खाद्यही रात्री आत ठेवू नये. दिवसा आवारात चोच व डोके बुडेल इतके, ५ ते ६ इंच खोल पाणी द्यावे. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊपूर्वी घालतात. यास्तव तोपर्यंत त्यांना आतच राहू द्यावे व तीन माद्यांमागे एक अंड्याची पेटी ठेवावी.

शेगडीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. बंद खुराड्यात कोळशाचा विषारी वायू साचतो आणि कोरड्या काडाला ठिणगी पुरते. बागेतील शेकोटी उघड्यावर असते, हा भेद विसरू नये. कृत्रिम ऊब पिलांना मात्र हवी. पहिल्या आठवड्यात त्यांना २९ ते ३२ अंश तापमान द्यावे व पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावे. त्यांची जागाही मोठ्या बदकांपासून वेगळी असावी.

हिवाळ्यात परसातील बदके जलाशयावर सोडू नयेत, असेही माझे मत आहे. रानपक्ष्यांकडून बर्ड फ्लूचा विषाणू येऊ शकतो, आणि बदक स्वतः आजारी न दिसताही तो कोंबड्यांपर्यंत पोहोचवू शकते. २००६ साली नवापूरच्या कोंबडीपालकांना या रोगाची किती झळ लागली, हे आपणांस ठाऊकच आहे. यासाठीच आवारात घरचे पाणी असावे आणि कोंबड्या व बदके एकत्र कोंडू नयेत.

आता प्रश्न पैशाचा. लहान शेतकऱ्याच्या घरी बदकांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो व मीठमिरची, वहीपाटी यांना उपयोगी पडतो. खुराड्यासाठी तिच्यापाशी मोजकीच रक्कम असते. ती भिंतींवर संपली तर जोते व जाळी राहून जाते. म्हणून खर्चाचा क्रम प्रथम जोते, मग न गळणारे छप्पर, नंतर जाळी आणि शेवटी भिंत, असा असावा. जुन्या विटा, बांबूचे तट्टे, शेणमातीचा गिलावा यांनी भिंतीचे काम भागते. जोत्याच्या उणिवेची भरपाई मात्र कशानेही होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, खुराडा पाहण्यास दुपारी न जाता पहाटे जावे. दार उघडताच डोळे चुरचुरतात काय, पत्र्याच्या आतील बाजूस थेंब दिसतात काय, आणि मूठभर गादी दाबली असता हाताला ओल लागते काय, एवढ्या तीन गोष्टी तपासाव्यात. यांपैकी एकही आढळल्यास वरची पट्टी मोकळी करण्यास व गादी बदलण्यास त्याच दिवशी सांगावे. बदकांना थंडी वाजेल म्हणून घरची माणसे कदाचित कुरकुरतील. त्यांना आठ दिवस कोरड्या गादीचा अनुभव घेऊ द्यावा. कोरडी पिसे व स्वच्छ अंडी पाहून त्यांची खात्री पटेल.