रसायनशास्त्राचे शब्द आणि सीमेवरची मुले

पार्से येथील मराठी शाळेतले मूल चौथीपर्यंत मराठीत शिकते आणि पाचवीत गेले की त्याचे बहुतेक विषय एकदम इंग्रजीत जातात. तेरेखोल नदीपलीकडे सातार्डा, आरोंदा येथील मूल त्याच वळणाची बोली बोलते, त्याच जत्रांना येते. ते मात्र दहावीपर्यंत मराठीत शिकू शकते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला काय दिले आणि काय दिले नाही, १९९० व २०११ च्या अनुदान धोरणांनी प्राथमिक शाळांचे काय झाले, यावर या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. आज आम्हांस वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ते एका लहान वाटणाऱ्या बाबीकडे. आठवी ते दहावीच्या रसायनशास्त्रातले मूलभूत शब्द आमच्या मुलांना कोणत्या भाषेत भेटतात आणि त्यामुळे त्यांचे काय होते, ही ती बाब.

वर्गात 'सॉल्ट' हा शब्द आला की मुलाच्या डोळ्यांपुढे ताटातले मीठ येते. यात त्याचा दोष नाही. इंग्रजीत ताटातल्या मिठालाही सॉल्ट आणि आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणाऱ्या कोणत्याही पदार्थालाही सॉल्टच. मराठीने हे दोन अर्थ कधीच वेगळे केले आहेत. एक मीठ, दुसरा क्षार. मीठ हा एक क्षार आहे, पण मोरचूदही क्षार आहे आणि तो कोणी आमटीत घालत नाही. 'आम्लारी' हा शब्दच पाहा. आम्लाचा अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. दोघे समोरासमोर आले की एकमेकांचा गुण मारतात, हे त्या शब्दातच सांगून टाकले आहे. 'बेस' या इंग्रजी शब्दातून आमच्या मुलाला काय कळावे? पाया, तळ, एवढेच.

मोरचुदाचा विषय निघालाच आहे तर कुळागरात जाऊ. डिचोली-सत्तरीकडचा सुपारी बागायतदार पावसाळ्याच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र करायचे, भांडे लोखंडाचे नको, आणि फवारणीपूर्वी कोयत्याचे पाते मिनिटभर मिश्रणात बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुना घालायचा. ही दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रियाच होय. लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते मोरचुदाच्या द्रावणातील तांब्याला बाहेर काढते आणि त्याची जागा आपण घेते. चुना पुरेसा असला की तांबे द्रावणात मोकळे राहत नाही, म्हणून पाते स्वच्छ निघते. प्रयोगशाळेत हेच खिळ्यावर करून दाखवतात. बागायतदाराचा मुलगा खिळ्याचा प्रयोग इंग्रजीत पाठ करून लिहितो, त्याला गुणही मिळतात. पण बापाच्या कोयत्याशी त्याचा संबंध त्याला कोणी जोडून दिलेला नसतो, कारण जोडणारा शब्दच वर्गात उच्चारला जात नाही.

पार्शाच्या शेजारी आगरवाडा आहे. नावातच आगर आहे आणि तेथे मिठागरे आहेत. भरतीचे पाणी मानशीतून आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात, ऊन ते आटवते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर ग्रॅम पाण्यात मात्र साधारण ३६ ग्रॅमच मीठ विरघळू शकते, त्याहून अधिक नाही. तेव्हा पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्यापर्यंत आले की मीठ खाली बसू लागते. संपृक्त द्रावण, बाष्पीभवन, स्फटिकीभवन हे तिन्ही धडे तेथे एका वाफ्यात दिसतात. मीठ ओढून घेतल्यावर उरणारे पाणी कडवट का, तर त्यात मॅग्नेशियमचे क्षार मागे राहिलेले असतात. काजूच्या हंगामात भट्टीवर जे चालते तेही असेच. निरो आंबवून भाणात तापवतात, वाफ नळीतून लावणीत जाऊन थंड होते आणि हुर्राक टपकू लागतो. ऊर्ध्वपातन म्हणतात ते हेच. (शाळेच्या पानावर दारूचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुलांपासून लपवण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.) डिचोलीच्या रस्त्यावरची खनिजाची तांबडी धूळ आणि पावसाळ्यानंतर पत्र्यावर चढणारा गंज ही रसायनाच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. दोन्ही लोह आणि ऑक्सिजन यांची संयुगे. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने ७० टक्के लोह असते. लोह हे मूलद्रव्य, खनिज हे संयुग, आणि रस्त्यावरची माती, वाळू, खनिज यांची सरमिसळ हे मिश्रण. एवढे तीन शब्द नीट कळले तरी आठवीचा निम्मा धडा झाला.

अलीकडे मुले मोबाईलवर हिंदीतले पाठ पाहतात. त्यातून एक नवीच अडचण उभी राहिली आहे आणि पालकांना तिची कल्पना नसते. मराठीत सर्वांत लहान घटक तो अणू आणि अणू जोडून होतो तो रेणू. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू. हिंदीत मात्र आपला अणू तो 'परमाणु' आणि आपला रेणू तो 'अणु'. आमच्या वर्तमानपत्रांत अणुबाँब छापतात, हिंदी बातम्यांत तोच परमाणु बम होतो. क्षाराचेही तसेच. आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला हिंदीत लवण म्हणतात, आणि हिंदीतले क्षार-क्षारक म्हणजे आपली अल्कली-आम्लारी. शिक्षकाने हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दिले तर पाच मिनिटांत उलगडते. लिहून दिले नाही तर मूल दोन भाषांत उलटसुलट शिकते आणि तिसऱ्या भाषेत परीक्षा देते.

मराठीतली परिभाषा सगळीच गोमटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. 'क्षपण' म्हणजे काय, हे शंभर मराठी माणसांना विचारले तर एकालाही सांगता येणार नाही. 'उदासिनीकरण' म्हटले की मुलांना वाटते, रसायन उदास झाले. असे शब्द बदलावेत, नाहीतर इंग्रजी शब्द देवनागरीत घ्यावेत. ऑक्सिजनला प्राणवायू म्हणण्याचा हट्टही आमचा नाही. दोन्ही चालतात. गंमत अशी की ऑक्सिजन या मूळ ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा असा होतो, आणि ती समजूत पुढे चुकीची ठरली. मूलद्रव्यांची चिन्हे तर रोमन लिपीतच राहावीत, सारे जग तीच वापरते. पण ती चिन्हे इंग्रजी आहेत हा गैरसमज काढून टाकावा. सोडियमचे चिन्ह नॅट्रियमवरून आले, लोखंडाचे फेरमवरून. ती लंडनच्या मुलालाही पाठच करावी लागतात.

शब्द नाहीत ही सबब टिकणारी नाही. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करीत आहेत. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तके नदीपलीकडच्या दुकानात मिळतात. पलीकडेही सेमी इंग्रजीचे वारे जोरात आहे आणि अकरावीला विज्ञानशाखेत इंग्रजीच येते, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून इंग्रजी काढा, अशी आमची मागणी नाहीच. वेर्णा, कोलवाळ, पिळर्ण येथील औषध कारखान्यांत आमच्या मुलांना नोकरी करायची आहे, तेथे इंग्रजी लागणारच, हे पालकांचे म्हणणे खरे आहे. पण आम्लारी कळलेल्या मुलाला 'बेस' विसरायला कोणी सांगत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान व गणितासाठी द्विभाषिक पुस्तके तयार करावीत, विद्यार्थ्याला घरच्या भाषेत आणि इंग्रजीतही या विषयांचा विचार करता यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. गोव्याच्या शिक्षण खात्याने यातला निदान पहिला टप्पा गाठावा. आठवी, नववी, दहावीच्या विज्ञान पुस्तकाबरोबर प्रत्येक धड्याची शब्दसूची द्यावी, इंग्रजीसमोर मराठी आणि कोंकणीही. कोंकणी शाळांतून येणाऱ्या मुलांची अडचण तीच आहे, या बाबतीत आमचे त्यांच्याशी भांडण नाही. आणि वर्गात शिक्षकाने मराठीत समजावून सांगितले तर त्याला बोल लावला जाणार नाही, असे एक साधे परिपत्रक काढावे. त्याला पैसाही लागत नाही.

तोवर समितीने आपल्यापुरती सूची करण्यास घेतली आहे. आठवी ते दहावीच्या धड्यांतील सुमारे दोनशे शब्द त्यात असतील आणि प्रत्येक शब्दापुढे शक्य तेथे आपल्या भागातले उदाहरण. पुस्तकी शब्द आम्ही जमवू. मिठागरातले, भट्टीवरचे, कुळागरातले, कुंभाराच्या आव्यातले आणि चुन्याच्या घाण्यावरचे शब्द मात्र वाचकांकडूनच यायला हवेत. साध्या कागदावर शब्द, तो कोण वापरतो आणि गावाचे नाव एवढे लिहून जवळच्या शाळेतील मराठीच्या शिक्षकांकडे द्यावे. ते आमच्यापर्यंत पोचेल.