खाडीतली होडी आणि गावाबाहेरचं डम्पिंग ग्राऊंड: वेंगुर्ल्याकडून ऑफिसांनी काय शिकावं?

'इनोव्हेशन' म्हटलं की डोळ्यांसमोर बंगळूरु किंवा हिंजवडीचं काचेचं ऑफिस येतं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, कोपऱ्यात बीनबॅग, वर्षातून एकदा कार्यशाळा आणि दाराशी सूचनापेटी. पण कामाच्या ठिकाणी नवी कल्पना रुजते कशी, याची दोन चांगली उदाहरणं सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला या एकाच लहान शहरात सापडतात. एक खाडीत, दुसरं कचऱ्यात.

नेमकं काय घडलं?

पहिलं उदाहरण मांडवी खाडीतलं. इथे 'स्वामिनी' महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली. मच्छीमार कुटुंबांतल्या या महिला स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळवनाच्या जाती, पक्षी, खेकडे दाखवतात. खाडी त्यांच्या ओळखीची होतीच. प्रशिक्षण आणि सुरुवातीचं पाठबळ यूएनडीपीचा सिंधुदुर्ग प्रकल्प आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांच्याकडून मिळालं.

दुसरं उदाहरण नगर परिषदेचं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातच वेगळा करून घेण्याची शिस्त लागली. जमा झालेल्या सुक्या कचऱ्याचं पुन्हा बारकाईने वर्गीकरण होऊ लागलं. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून इंधनाच्या कांड्या आणि प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, अशी सांगड बसली. ज्या डम्पिंग ग्राऊंडजवळून लोक नाक धरून जात, ते बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले.

दोन्हींत समान काय?

दोन्हीकडे सगळं तंत्रज्ञान नवं नव्हतं. बायोगॅस जुना, होडी त्याहून जुनी. नवी होती ती कामाची मांडणी. आणि ती ज्यांच्या हातून उभी राहिली, ते प्रत्यक्ष काम करणारे लोक होते. कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कुठलं पडून राहतं, हे वर्गीकरणाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी कळतं. भरती-ओहोटीत होडी कुठे अडते, हे वल्हं मारणारीला माहीत असतं.

मालवण किनाऱ्यावरचं जाळ्याचं उदाहरणही हेच सांगतं. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची वीण शंकरपाळ्यासारखी असते. ओढ बसली की तिची भोकं मिटतात आणि लहान पिल्लंही अडकतात. ४० मिलिमीटरची चौकोनी आसाची वीण ताणाखालीही उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. सिंधुदुर्ग प्रकल्पात अशा जाळ्यांच्या चाचण्या झाल्या. तांत्रिकदृष्ट्या उत्तर सोपं आहे. पण 'मासळी कमी आली तर डिझेलचे पैसे कोण देणार?' हा मच्छीमाराचा प्रश्न तितकाच खरा आहे.

कल्पना अडते कुठे?

बहुतेक ऑफिसांत ती नेमकी याच प्रश्नावर अडते. कल्पना फसली तर बोलणी कुणी खायची? आणि यशस्वी झाली तर श्रेय आणि पैसा कुणाला? कर्मचाऱ्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'मी' आणि दुसऱ्याचं 'साहेब' असं दिसत असेल, तर सूचनापेटी रिकामीच राहणार. त्यात दोष कर्मचाऱ्याच्या सर्जनशीलतेचा नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली. काही चुकतंय असं दिसलं तर साध्या कामगाराला दोरी ओढून असेम्ब्ली लाइन थांबवण्याची मुभाही तिथे आहे. मुद्दा दोरीचा नाही. दोरी ओढल्यावर ओरडा मिळत नाही, याचा आहे.

मग प्रत्येकाने प्रयोगच करायचे का?

मालकांची भीती अगदीच चुकीची नाही. आंब्याच्या हंगामात रोज नवा प्रयोग केला तर माल सडेल. त्यावर उपाय म्हणजे प्रयोगाचा आकार ठरवणं. काजू कारखान्याचं बघा. अख्ख्या गराला जो दर मिळतो, तो तुकड्याला मिळत नाही. बी किती वाफवली की गर फुटतो, हे फोडणी करणाऱ्या बाईला हाताने कळतं. तिच्या सांगण्यावरून एका घाण्यात बदल करून बघितला, तर नुकसान झालंच तरी एका घाण्याचं होईल. फायदा झाला, तर तिच्या मजुरीत तो दिसला पाहिजे.

तीन अटी पुरतात: काम करणाऱ्याला छोटा बदल करण्याची मुभा, पहिल्या नुकसानीचा भार संस्थेवर आणि फायद्यात त्याचा वाटा. बचत गटात तिसरी अट आपोआप पूर्ण होते, कारण काम करणाऱ्याच मालकीण असतात.

सिंधुदुर्गासाठी हे महत्त्वाचं का?

इथली मुलं मुंबई, पुणे, गोव्याला जातात ती पगारासाठी, हे खरंच. पण हॉटेल असो, स्कूबाचा व्यवसाय असो की सरकारी कार्यालय, 'सांगितलं तेवढं कर' एवढंच ऐकायचं असेल, तर शिकलेल्या तरुणाने परत का यावं?

दुसरा धोका माणसावर अवलंबून राहण्याचा. कोकरे यांची वेंगुर्ल्यातून बदली झाली, पुढे त्यांनी कर्जत आणि कल्याण-डोंबिवलीतही काम केलं. अधिकारी बदलतातच. त्यामुळे चांगली पद्धत कुणा एकाच्या उत्साहावर न ठेवता कामाच्या नियमांत, बजेटमध्ये आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात उतरवावी लागते.

हे करायला सल्लागार नेमायची गरज नाही. येत्या सोमवारी ऑफिसातल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला विचारावं: तुझ्या कामातली कुठली गोष्ट वेडगळ वाटते? मग ती आठवडाभर त्याच्या पद्धतीने करू द्यावी. बिघडलं तर जबाबदारी आपली, हे आधीच सगळ्यांसमोर सांगावं.