आवाजावरून मनाचा ठाव लागेल?

मोबाइलवर मिनिटभर बोलायचे आणि नैराश्याचा धोका आहे की नाही ते यंत्राने सांगायचे, असे तंत्र परदेशात बाजारात आले आहे. उद्या ते आपल्या शाळांत आले, तर रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी कितपत उपयोगी पडेल?

कल्पना पोकळ नाही. नैराश्यात माणूस सावकाश, एकसुरी बोलतो हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवले होते. २०१५ मध्ये अमेरिकेत धोका असलेल्या ३४ तरुणांच्या बोलण्याची संगणकाने तपासणी केली. पुढे ज्यांना तीव्र मनोविकार झाला, ते पाचही जण त्याने अचूक ओळखले. अर्थात पाचच!

शिवाय ते बोलणे इंग्रजी होते. रिसोडचा मुलगा घरी ‘मले करमत नाई’ म्हणतो आणि वर्गात पुस्तकी मराठीत शब्द शोधत अडखळतो. हे अडखळणे यंत्राला उदासीचे वाटू शकते. त्यात हे आवाज फुटण्याचे वय. वऱ्हाडी मुलामुलींच्या आवाजांवर पारखल्याशिवाय अशा यंत्राचा निकाल मानणे धाडसाचेच.

गणितही पाहावे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले. म्हणजे हजारांत ७०. यंत्र आजारी आणि निरोगी, दोघांनाही ८० टक्के अचूक ओळखते असे धरले, तरी ५६ मुले सापडतील, १४ निसटतील आणि १८६ निरोगी मुलांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे बोट दाखवलेल्या दर चारांपैकी तीन जण निरोगी. गावात असा शिक्का लवकर पुसत नाही, मुलींच्या बाबतीत तर नाहीच.

आणि सापडलेल्या मुलाला पाठवायचे कुठे? शेतकरी आत्महत्यांमुळे वाशीमसह १४ जिल्ह्यांत राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्न विचारले. ओळखीच्या बाईने विचारलेले ‘झोप लागते का, जेवण जाते का’ हे प्रश्न आजही यंत्रापेक्षा भरवशाचे आहेत, फक्त पुढे समुपदेशक हवा. तंत्रावर खर्च करण्याआधी ती जागा भरणे अधिक शहाणपणाचे.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती लागते. मुलाचा आवाज ही त्याची ओळखच असल्याने तो कुठे साठतो हे पालकांनी शाळेला विचारावे. मदत हवी असल्यास ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र सुरू असतो, तिथे मराठीतून बोलता येते.