पाळलेला मासा खाणार काय?

समुद्रात मासळी उरली नाही, आता मासे पाळा, असा सल्ला कोकण किनाऱ्यावरच्या तरुणांना हल्ली उठसूट मिळतो. सल्ला वाईट नाही. पण पाळलेला मासा खाणार काय, हे फारसे कुणी विचारत नाही.

खाडीत पिंजरा लावून जिताडा वाढवता येतो. जिताडा शिकारी मासा आहे. त्याला बारीक मासळी लागते, नाहीतर फिशमील घातलेले दाणे. कोळंबीच्या खाद्यातही फिशमील असते. ते बनते तारलीसारख्या समुद्रातल्याच मासळीपासून. म्हणजे गरिबाच्या ताटातली तारली दळायची आणि परदेशी ताटासाठी कोळंबी पोसायची. याला मी तरी पर्याय म्हणणार नाही.

काकई आणि कालवांचे तसे नाही. काकईचे बीज सुती कापडात गुंडाळून दोरीला बांधतात आणि दोरी खाडीत सोडतात. कापड कुजेपर्यंत काकई दोरी घट्ट धरते. पुढे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खाते. खाद्याचा खर्च नाही. खडकावरची कालवे फोडणाऱ्या आपल्या बायकांना भरती-ओहोटी कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त कळते. २०१७ पासून राज्याची कांदळवन उपजीविका योजना आहे. दालदी मोहल्ल्यांतल्या मुलींनी गट करून ती मागावी. मात्र पाणी गाळणारा जीव पाण्यातली घाणही पोटात घेतो. खाडीत गटार किंवा कारखान्याचे पाणी येत असेल, तर आधी ते थांबवावे लागेल.

आता कडू गोष्ट. काकईमुळे रिकामा समुद्र भरणार नाही. पर्ससीन जाळे अख्खा थवा घेरते आणि खालून बटव्यासारखे आवळते. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यावर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. आणि पर्ससीनचे मालक फक्त 'ते' नाहीत, आपल्यातलेही आहेत. कर्ज काढून बोट घेतलेल्या मालकाची अडचण मला कळते. पण आपल्याच माणसांवर बोट नको म्हणून जमातीच्या बैठकीत हा विषय निघतच नसेल, तर त्याच मोहल्ल्यातल्या छोट्या होडीवाल्याने जायचे कुठे?

पुढच्या बैठकीत त्याला आधी बोलू द्या. बोटमालक नंतर बोलतील.